कंबरपट्ट्याचा प्रश्न

लेखांक सातवा

या आठवड्यात थप्पीचा विषय घ्यायचा असं ठरलं होतं. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. कारण बार्शीहून आलेलं एक पत्र. पत्रलेखकांची आडत आहे, मागे मोठं गोदाम आहे आणि ही लेखमाला ते पहिल्यापासून वाचताहेत. त्यांनी आपल्याकडच्या हमालांसाठी कंबरपट्टे आणले. चांगले रुंद, मागच्या बाजूला ताठ पट्ट्या शिवलेले. पहिल्या दिवशी सगळ्यांनी बांधले. आठवडा संपेपर्यंत निम्मे पट्टे खुंटीला लागले. विचारल्यावर टोळीच्या मुकादमाने सांगितलं, “मालक, पोट आवळतं, वाकता येत नाही, आणि खाली घामोळं उठतं.” पत्रलेखकांचा प्रश्न सरळ आहे : सक्ती करू का?

करू नका.

हा प्रश्न मला जिथे जातो तिथे भेटतो आणि विचारणाऱ्याचा हेतू दर वेळी चांगला असतो. माणसाची पाठ जपायची आहे, पट्टा बाजारात मिळतो, किंमत परवडते आणि दुसऱ्या दिवसापासून आपण काहीतरी केलं याचं समाधान मिळतं. इतका सोपा उपाय समोर असला की खरा उपाय शोधायचा राहून जातो. म्हणून आज सगळी जागा पट्ट्याला देतो.

पट्टा आला वजन उचलणाऱ्या खेळाडूंकडून. स्पर्धेतला खेळाडू दांडीला हात घालण्याआधी खोल श्वास घेतो, रोखून धरतो आणि पोटाचे स्नायू पट्ट्यावर दाबतो. पोटातला दाब वाढतो, धड ताठ राहतं. इथपर्यंत सगळं खरं आहे. पण हे काम काही सेकंदांचं. वजन खाली ठेवलं की तो पट्टा सैल करतो, बसतो, पुढच्या पाळीपर्यंत विश्रांती घेतो. शिवाय त्याची दांडी नडगीला जवळजवळ घासत वर येते, ओझं तो अंगापासून लांब जाऊच देत नाही. आपल्या हमालाला दिवसभर श्वास रोखून काम करता येत नाही. त्याला पोतं पाठीवर घेऊन चालायचं असतं, फळी चढायची असते, आणि दम चालू ठेवायचा असतो. पोट आवळलेलं असताना जोर लावला की रक्तदाब वाढतो, हृदयाला जास्त काम पडतं. पन्नाशीच्या माणसाला दिवसभर पट्टा बांधायला लावताना एवढं तरी लक्षात ठेवलं पाहिजे.

आता अभ्यास काय सांगतात ते पाहू. १९९०च्या सुमारास अमेरिकेत दुकानांमधून आणि गोदामांमधून पट्ट्यांची लाटच आली होती. तिथल्या ‘नायॉश’ या कामगारांच्या सुरक्षिततेवर आणि आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने उपलब्ध पुरावे तपासून १९९४ मध्ये सांगितलं की, ज्यांच्या पाठीला काही झालेलं नाही अशा कामगारांची दुखापत पट्ट्याने टळते असं म्हणण्याइतका पुरावा नाही. त्या संस्थेने आणखी एक धोका दाखवला : पट्टा बांधलेल्या माणसाला आपण सुरक्षित आहोत असं वाटतं आणि तो एरवीपेक्षा जास्त वजनाला हात घालतो.

दोन वर्षांनी पट्ट्याच्या बाजूने एक मोठा अभ्यास आला. कॅलिफोर्नियातल्या घरबांधणीचं सामान विकणाऱ्या एका दुकानसाखळीत पट्टे सक्तीचे केल्यावर कंबरेच्या दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या, असं त्यात दिसलं. पण तिथे ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी तुलना होती. त्याच काळात पट्टा न बांधणाऱ्या कामगारांचा वेगळा गट शेजारी ठेवलेला नव्हता. अशा वेळी घट पट्ट्यामुळे झाली की त्या काळात झालेल्या इतर बदलांमुळे, हे वेगळं काढता येत नाही. मग २००० मध्ये नायॉशचाच मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १६० नवी दुकानं, ९ हजारांहून जास्त कामगार. काही दुकानांत पट्टा सक्तीचा, काहींत ऐच्छिक. रोज पट्टा बांधणारे आणि जवळजवळ कधीच न बांधणारे यांच्यात ना पाठदुखीच्या तक्रारींत फरक दिसला, ना भरपाईच्या दाव्यांत. सक्तीच्या आणि ऐच्छिक दुकानांतही फरक नव्हता.

बार्शीच्या मुकादमाने खुंटीला लावलेल्या पट्ट्याचा निकाल असा पंचवीसेक वर्षांपूर्वीच लागला आहे.

इथे एक गोष्ट वेगळी ठेवतो. ज्याची पाठ आधीच दुखावली आहे आणि डॉक्टरांनी काही दिवसांसाठी पट्टा दिला आहे, त्याने तो डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे वापरावा. तो इलाज आहे. मी बोलतो आहे ते धडधाकट माणसांना सरसकट वाटलेल्या पट्ट्यांबद्दल.

पट्टा का पुरत नाही, हे कळायला कंबरेच्या आत पाहावं लागतं. तुम्ही वाकून २० किलोचं खोकं उचलता आहात आणि ते कंबरेच्या मणक्यांपासून ५० सेंटिमीटर पुढे आहे असं धरा. ते तोलून धरणारे पाठीचे स्नायू मणक्यांच्या अगदी लगत, सुमारे ५ सेंटिमीटर मागे असतात. म्हणजे ही एक विचित्र कावड झाली : पुढची बाजू हातभर, मागची तीन बोटं. पुढे २० किलो, तर मागे स्नायूंना दहापट, सुमारे २०० किलोंचा ताण द्यावा लागतो. स्वतःच्या वाकलेल्या धडाचा भार यात अजून धरलेलाच नाही. हा सगळा ताण शेवटी मणक्यांमधल्या चकतीवर दाब म्हणून येतो. आता तेच खोकं २५ सेंटिमीटरवर घ्या. वजन तेवढंच, पण स्नायूंवरचा ताण निम्मा. पट्टा बाहेरून बांधला तरी ही ५० आणि ५ सेंटिमीटरची अंतरं बदलत नाहीत. बदलतं ते फक्त खोकं जवळ आलं की.

हाच विचार नायॉशच्या ओझं उचलण्याच्या सूत्रात आकड्यांत मांडला आहे. हे सूत्र १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. सूत्राची सुरुवात २३ किलोंपासून होते. ओझं घोट्यांपासून २५ सेंटिमीटरवर, हात जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर, अंगाला पीळ नाही, पकड चांगली, खेपा मोजक्याच. असं सगळं जमून आलं तर दोन हातांनी उचलण्याची शिफारस २३ किलोंची. यातली एकेक गोष्ट बिघडली की वजन कापायचं. ओझं ५० सेंटिमीटरवर गेलं, तर २३चे साडेअकरा. वर ते जमिनीवरून उचलायचं असेल, तर साडेअकराचे नऊच्या आत. त्यात ४५ अंश वळून ठेवायचं असेल, तर साडेसातच्या आसपास. किती उंच न्यायचं आणि मिनिटाला किती वेळा उचलायचं, याची कपात अजून बाकीच आहे. एकाच माणसाची, एकाच दिवशीची उचलण्याची मर्यादा २३ वरून साडेसातवर आली, आणि त्याच्या कंबरेला काय बांधलं आहे याला या सूत्रात कुठेच जागा नाही.

एका कारखान्यात हे प्रत्यक्ष करून पाहायला मिळालं. पॅकिंगच्या शेवटी २० किलोंची खोकी पॅलेटवर रचायची होती. पॅलेट जमिनीवर, त्यामुळे पहिले दोन थर लावताना माणूस पार दुमडायचा. कंबरेच्या तक्रारी वाढल्या तेव्हा पट्ट्यांची मागणी पुढे आली. त्याऐवजी आम्ही भरायच्या पॅलेटखाली तीन रिकामी पॅलेट ठेवली. बूड चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर वर आलं. मग लाइनवरच्या एका जुन्या कामगाराने स्वतःच सुचवलं की, वरचे थर लावायची वेळ आली की खालचं एकेक पॅलेट काढून घेऊ, म्हणजे खांद्याच्या वर हात न्यायला नको. फोर्कलिफ्टने भरलेलं पॅलेट उचलायचं आणि खालचं ओढायचं, एवढंच काम. खर्च शून्य. हात गुडघ्यांच्या खाली जाईनात आणि खांद्यांच्या वर जाईनात. कुणाला काही बांधायची गरज पडली नाही.

आता गोदामातल्या पोत्याकडे येऊ. नायॉशचं सूत्र पाठीवरच्या पोत्याला लावता येत नाही, ते हातांनी उचलण्यासाठीच आहे. आपला हमाल पोतं हातांनी उचलून नेत नाही. दोघं जण कान धरून पोतं वर घेतात, तिसरा खाली पाठ देतो आणि पोतं मानेच्या खाली, दोन्ही खांद्यांवर पसरून बसतं. मग तो लहान, झपाझप पावलं टाकत निघतो. ओझं कण्याच्या जवळ आहे, पुढे लोंबत नाही. ही पिढ्यान् पिढ्यांची अक्कल आहे आणि ती पट्ट्यापेक्षा शंभरपट मोलाची आहे. दुखापतीची खरी ठिकाणं दोन : पोतं जमिनीवरून वर घेणारे ते दोघं, आणि थप्पीवर पोतं टाकताना बसणारा पीळ.

आणि पोत्याचं वजन. साखरेचं, धान्याचं १०० किलोंचं पोतं पाठीवर वाहिलेली माणसं आजही मार्केट यार्डात भेटतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एका कामगाराने वाहायच्या कमाल वजनाबद्दलचा करार १९६७ मध्ये केला, आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सांगितली. भारताने त्या कराराला मान्यता दिली ती २०१० मध्ये. आपल्याकडच्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही, इजा होईल इतकं जड ओझं कुणालाही उचलायला लावू नये असं कलम होतं, पण मार्केटातला हमाल कारखान्याच्या आवारात कुठे येतो? त्याच्यासाठी अण्णासाहेब पाटील आणि माथाडी कामगार लढले. १९६९ चा माथाडी कायदा झाला, हमालाला नोंदणी, मंडळ आणि भविष्य निर्वाह निधी मिळाला. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पोतं ५० किलोंचं करा ही मागणी लावून धरली. आज ५० किलोंचा कट्टा सर्रास दिसतो, सिमेंटची गोणीही तेवढीच.

या बदलाचं मोल नीट समजून घ्या. पोतं निम्म्यावर आलं, तेव्हा कुणाला नवं तंत्र शिकावं लागलं नाही. जे कधी प्रशिक्षणाला गेले नाहीत, ज्यांना ही लेखमाला माहीत नाही, त्यांच्याही पाठीवरचं ओझं त्या दिवशी निम्मं झालं. गेल्या आठवड्यात गुडघे वाकवून उचलण्याबद्दल जे सांगितलं ते वाया नाही; पण उचलण्याच्या प्रशिक्षणावरचे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा नुसत्या प्रशिक्षणाने पाठदुखी कमी होते असं दिसलं नाही. दाटीवाटीने पडलेल्या पोत्यांत गुडघे वाकवायला जागाच नसेल, तर शिकलेला माणूसही कंबरेतूनच वाकणार. आधी ओझं आणि जागा सुधारा, मग माणसाला शिकवा.

तेव्हा बार्शीकर, तुम्ही हे करा. गोदामात ओल लागू नये म्हणून थप्पीखाली लाकडी क्रेट टाकताच. जिथून रोज माल हलतो त्या जागी क्रेटवर क्रेट ठेवून पोतं गुडघ्यांच्या वर आणा. ट्रकच्या फाळक्याच्या उंचीचा ओटा असेल, तर तोलकाटा त्या ओट्यावरच घ्या, म्हणजे पोतं एकदा खाली आणि एकदा वर असं होणार नाही. सपाट फरशीवर पाठीऐवजी दोन चाकांची हातगाडी वापरा, आणि ती चालावी म्हणून फरशीचे खड्डे बुजवा. पोतं शिवताना दोन्ही टोकांना कान नीट सोडायला सांगा. पकड निसटली की झटका बसतो तो कंबरेलाच. आणि हे सगळं ठरवताना मुकादमाला शेजारी घ्या. पट्टा का नको हे त्याने तुम्हाला नेमकं सांगितलंच आहे, कुठलं पोतं जड जातं हेही तो तेवढंच नेमकं सांगेल.

आणलेल्या पट्ट्यांचं काय? ज्याला हवा त्याने बांधावा. पण पट्टा बांधला आहे म्हणून कुणाला एकही पोतं जास्त देऊ नका.

थप्पी पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर सगळ्यांनीच एक काम करा. मोजपट्टी घ्या आणि तुमच्याकडे सर्वांत जास्त वेळा उचललं जाणारं ओझं निवडा. माणसाने त्याला हात घातला की दोन अंतरं मोजा : जमिनीपासून हातांची उंची आणि घोट्यांपासून हातांचं अंतर. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा. थप्पी किती उंच लावायची आणि दोन थप्प्यांमध्ये वाट किती सोडायची, हे आपण त्यांवरूनच ठरवणार आहोत.