ह्यूस्टनचे वार्तापत्र : कुत्र्याच्या गोळीला हिवाळ्याची सुट्टी नको

ह्यूस्टन, टेक्सास : हार्टवर्म हा कुत्र्या-मांजरांच्या हृदयापर्यंत पोहोचणारा जंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत सापडला आहे. त्याला अडवणारी महिन्याची गोळी १९८७ पासून बाजारात आहे, तरीही मिसिसिपी, लुइझियाना, टेक्सास या दक्षिणेकडच्या दमट राज्यांत रोग हटलेला नाही. गोळी वर्षाचे बाराही महिने द्या आणि दरवर्षी रक्त तपासा, असे अमेरिकन हार्टवर्म सोसायटी सांगते. अनेक प्राणीपालकांना हा अतिरेक वाटतो. पुरावा पाहता सोसायटीचे म्हणणे बरोबर आहे, असे माझे मत आहे.

हा जंत आपल्याकडच्या हत्तीरोगाच्या जंताच्याच कुळातला, आणि त्याचाही वाहक डासच. बाधित कुत्र्याचे रक्त पिताना डास सूक्ष्म अळ्या ओढून घेतो. उबदार हवेत दोनएक आठवड्यांत त्या वाढतात आणि पुढच्या चाव्यातून दुसऱ्या जनावराच्या अंगात शिरतात. सहा-सात महिन्यांनी पूर्ण वाढलेले जंत फुप्फुसांच्या धमन्यांत आणि हृदयाच्या उजव्या भागात ठाण मांडतात. मादी २५ ते ३० सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून लांब. कुत्र्यात ती पाच ते सात वर्षे जगते. सुरुवातीला कुत्रा ठणठणीत दिसतो. खोकला आणि धाप लागेपर्यंत धमन्यांचे नुकसान झालेले असते. मग मेलार्सोमिन हे आर्सेनिकयुक्त औषध पाठीच्या खोल स्नायूत टोचावे लागते : आधी एक सुई, महिन्याने लागोपाठ दोन दिवस दोन. मेलेल्या जंतांचे तुकडे फुप्फुसात अडकून जीव जाऊ शकतो, म्हणून कुत्र्याला कित्येक आठवडे धावू-खेळू द्यायचे नाही. खर्च सहज हजार डॉलरच्या पुढे जातो. मांजरांसाठी तर मोठे जंत मारणारे मान्यताप्राप्त औषधच नाही.

बारमाही गोळीवरच्या आक्षेपांपैकी औषध कंपन्यांच्या नफ्याचा आक्षेप मी हलका मानत नाही. सोसायटीला औषध कंपन्यांचे प्रायोजकत्व आहे, आणि गोळी व्हेटच्या प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही. पण सल्ला कोणाच्या फायद्याचा आहे, यावरून तो चुकीचा ठरत नाही. जंताचे जीवनचक्र कंपन्यांनी ठरवलेले नाही. दुसरा आक्षेप थंडीचा. मिनेसोटात जानेवारीत डास चावत नाही, आणि साधारण १४ अंश सेल्सियसखाली अळी डासात वाढत नाही, हे खरेच. मात्र गोळी मागच्या महिनाभरात शिरलेल्या कोवळ्या अळ्या मारते, पुढच्या महिन्याचे कवच ती देत नाही. म्हणजे शेवटचा डास गेल्यावरही डोस हवा, आणि शेवटचा डास कधी गेला हे कोणी सांगावे? एकदा थांबलेली गोळी वसंतात वेळेवर सुरू होईलच असे नाही, आणि मोठ्या झालेल्या अळीवर तिचा भरवसा नाही. ह्यूस्टनसारख्या ठिकाणी तर डासांचा हंगाम जवळजवळ संपतच नाही. मांजर घराबाहेर पडत नसले, तरी डास घरात येतोच.

सर्वांत गंभीर आक्षेप औषधाला न जुमानणाऱ्या जंतांचा. मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात असे जंत सिद्ध झाले आहेत. त्यावरून गोळी सोडणे मात्र उलटे ठरेल, कारण बहुसंख्य जंतांवर ती अजून चालते. वार्षिक तपासणी आणि डासांचा बंदोबस्त यांची जोड तिला द्यायला हवी.

इथे कुत्र्याच्या आरोग्याचा भार मालकाच्या खिशावर आहे. नागपूर-गडचिरोलीत हत्तीरोगाच्या गोळ्या सरकार घरोघर पोहोचवते; इथे हार्टवर्मसाठी तशी मोहीम नाही. त्यामुळे ज्याला परवडत नाही त्याचा कुत्रा उघडा पडतो, आणि त्याचा रोग डास शेजारच्या कुत्र्याकडे नेतो. हाच जंत बाळगणारे रानातले कोयोटे (लांडग्यासारखे रानकुत्रे) तर गोळी घेतच नाहीत. २००५ च्या कतरिना वादळानंतर दक्षिणेतले कुत्रे देशभर हलवले गेले, तेव्हा त्यांच्यात मोठ्या प्रमाणावर हार्टवर्म आढळला. म्हणून गरीब वस्त्यांत स्वस्त तपासणी आणि गोळ्या पोहोचवणे हा राज्यांनी उचलायचा खर्च आहे, असे मला ठामपणे वाटते.

अमेरिकेत कुत्रा-मांजर पाळणाऱ्या मराठी कुटुंबांना विनंती : डोस चुकला असेल तर लपवू नका, लगेच व्हेटला सांगा. तपासणी पूर्ण वाढलेल्या मादीचा अंश शोधते, त्यामुळे आजचा निष्कर्ष निर्दोष आला तरी सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून घ्या.