कॅरेक्टर शीट: एका पानातला माणूस

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये पट नसला तरी चालतो; कॅरेक्टर शीटवाचून मात्र सहसा भागत नाही. खेळाडू ज्याची भूमिका घेतो त्याचे बळ, हुन्नर, जखमा आणि जवळचे सामान या कागदावर नोंदलेले असते. खेळ चालवणारा प्रसंग सांगतो, खेळाडू आपण काय करतो ते सांगतो आणि ते जमले की फसले याचा निवाडा फासे व शीटवरचा आकडा मिळून करतात.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत १९७४ साली आला. पेटीत नियमांच्या तीन पुस्तिका होत्या, पण भरायची छापील शीट नव्हती. खेळाडू साध्या कागदावरच आकडे मांडत. पुढच्याच वर्षी ‘वी वॉरियर्स’ या छोट्या कंपनीने कोऱ्या शीट छापून विकायला काढल्या.

शीटवर कशाला किती जागा दिली आहे, यावरून खेळाचा स्वभाव कळतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या शीटवर चिलखत, शस्त्रे आणि मंत्र ऐसपैस बसतात. १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुलू’ या भयकथांच्या खेळात ‘सॅनिटी’चा, म्हणजे मन किती थाऱ्यावर आहे याचा, रकाना असतो आणि तो आकडा उतरत जातो.

हा खेळ बहुधा १९२० च्या दशकातल्या अमेरिकेत घडतो. तो १९२८ च्या मुंबईतल्या गिरणगावात आणून पाहू. त्या एप्रिलमध्ये सुरू झालेला संप सहा महिने चालला आणि दीडेक लाख गिरणी कामगार त्यात होते. दोनऐवजी तीन साचे, म्हणजे माग, सांभाळण्याची सक्ती हे त्याचे एक कारण. खेळाडूचा माणूस लालबागच्या चाळीत राहणारा, साचेखात्यातला. सध्याच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे त्याची यंत्रदुरुस्ती ६० धरली, तर शेजारच्या दोन चौकटींत निम्मे ३० आणि पाचवा हिस्सा १२ लिहायचे. शंभरात ६० किंवा कमी पडले की काम फत्ते, पण बिघाड अवघड असेल तर ३० च्या आतच पडायला हवे. कौशल्यापुढे एक बारीक चौकोन असतो. काम जमले की त्यात खूण करायची. कथेच्या टप्प्याअखेर त्या कौशल्यासाठी पुन्हा फासे टाकतात आणि आता ६० पेक्षा जास्त पडले, तर कौशल्य वाढते. जो आधीच तरबेज, त्याची वाढ साहजिकच अवघड.

इथे छापील शीटचे परकेपण उघडे पडते. मोटार चालवण्यापुढे प्रत्येकाच्या नावे २० टक्के आधीच छापलेले असतात. लालबागच्या साचेवाल्याला तेव्हा मोटार कुठली चालवायला मिळणार? खेळ चालवणाऱ्याने तो आकडा खुशाल खोडावा. उलट कला-कारागिरीच्या ओळी कोऱ्या असतात. तिथे विणकाम किंवा ढोलकी लिहिता येते. मागच्या बाजूला श्रद्धा, जिवाभावाची माणसे आणि जपून ठेवलेल्या वस्तू यांच्या जागा आहेत. आकड्यांच्या नादात अनेक खेळाडू त्या रिकाम्या सोडतात, आणि मग माणूस नुसता हिशेब होतो.

छपाईत घोळ होतो तो कागदाच्या मापाचा. अमेरिकन शीट बहुधा ‘लेटर’ मापाच्या, २१६ मिलिमीटर रुंद. आपला ए-फोर २१० चा. दादरच्या झेरॉक्सच्या दुकानात ‘मूळ मापात’ छापून घेतली की कडेची चौकट कापली जाण्याची भीती असते. ‘पानात बसवा’ हा पर्याय सांगावा. जखमांचे आकडे सतत खोडावे लागतात, म्हणून कागद जाडसर आणि हातात पेन्सिल हवी. संगणकावर भरायच्या पीडीएफमध्ये देवनागरी जोडाक्षरे अनेकदा फुटतात, त्यामुळे मराठीत खेळणाऱ्यांना हाताने लिहिणेच सोयीचे.

अख्खी शीटच मराठीत करायची असेल, तर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पुरती वाट मोकळी आहे. जानेवारी २०२३ मध्ये त्याचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. श्रेय नोंदवून त्यांवर बेतलेली शीट कोणालाही बनवता, छापता आणि विकताही येते.