शाश्वत की टिकाऊ?

पर्यावरण व विकासविषयक जागतिक आयोगाने, म्हणजेच ब्रुंटलँड आयोगाने, १९८७ मध्ये आपला अहवाल दिला. त्यातील मध्यवर्ती कल्पनेसाठी हिंदीत 'सतत', 'टिकाऊ' असे शब्द योजले गेले. मराठीने 'शाश्वत विकास' पत्करला. पाठ्यपुस्तकांत व परिपत्रकांत हा शब्द आता इतका रुळला आहे की त्याच्या अर्थापाशी कोणी थांबत नाही. जे कधीच नष्ट होत नाही, ते शाश्वत. आत्म्याचे हे विशेषण आज ठिबक सिंचनालाही लावतात!

'टिकाऊ' मागे पडला तो बहुधा त्याला बाजाराचा वास येतो म्हणून. चप्पल टिकाऊ, सतरंजी टिकाऊ. विकासाला संस्कृत वस्त्रच शोभावे, ही जुनी समजूत. वस्तुतः अर्थशास्त्राला हा शब्द परका नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हिशेबात सरासरी किमान तीन वर्षे उपयोगी पडणारी वस्तू 'टिकाऊ' गणतात. म्हणजे टिकाऊपणाला वर्षांचे माप आहे, आणि माप आले की घसारा आला. जे शाश्वत, त्याला घसारा कसला? त्याच्या दुरुस्तीची तरतूद अंदाजपत्रकात करायची तरी कशाला?

काळाची मर्यादा नाकारली की काय होते, हे बंगालने अनुभवले. १७९३ मध्ये कॉर्नवॉलिसने तेथील जमीनमहसूल कायमचा ठरवून टाकला. मराठी पुस्तके त्याला 'कायमधारा' म्हणतात, बंगाली 'चिरस्थायी' बंदोबस्त. पुढे लागवड वाढली, किमती चढल्या. सरकारचा आकडा तोच राहिला आणि वाढलेला खंड जमीनदार व मधले हक्कदार यांच्या पदरात पडला. मुंबई इलाख्यात रयतवारीचा धारा सामान्यतः तीस वर्षांसाठी ठरे. तो हलका होता असे कोणी म्हणणार नाही; परंतु मुदत संपताच आकडा पुन्हा तपासायचा, हे त्यात गृहीत होते. 'चिरस्थायी' बंदोबस्त अखेर १९५० च्या दशकात जमीनदारी निर्मूलनाच्या कायद्यांनी गेला. 'चिर' म्हणजे दीर्घकाळ, अनंतकाळ नव्हे, हे संस्कृत जाणणाऱ्यास सांगावयास नको.

धरणाचा आराखडा करणारा अभियंता या बाबतीत अधिक प्रामाणिक. गाळ साचणारच, हे धरून तो मृतसाठ्याची जागा राखतो आणि धरणाच्या आयुष्याचा वर्षांत अंदाज बांधतो. 'शाश्वत सिंचन' हे नाव नंतर कागदावर चढते. तोवर चाऱ्या फुटलेल्या असतात, दारे गंजलेली असतात, आणि कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी पाण्याची पाळी मोजत बसलेला असतो.