फॉरमॅट मारण्याआधी

जळगाव-धुळ्याकडे डेस्कटॉप संगणक हँग व्हायला लागला, की पहिला सल्ला ठरलेला असतो : फॉरमॅट मारा, विंडोज नवीन टाका. बाजार समितीतल्या अडत्याचा संगणक असो, जिनिंगच्या ऑफिसात टॅलीसाठी ठेवलेला असो, तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्रात दिवसभर चालणारा असो, सल्ल्यात फरक पडत नाही. फॉरमॅटला माझा विरोध नाही. पण त्याची जागा सगळ्यात शेवटी आहे आणि तो सगळ्यात आधी केला जातो, हे मला फार नुकसानीचे वाटते. हँग होण्यामागे प्रोसेसर, रॅम, डिस्क, वीजपुरवठा, ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर यांपैकी कुणीही असू शकते. फॉरमॅट मारला की यातले नेमके कोण, हे सांगणाऱ्या नोंदीच पुसल्या जातात. आणि खानदेशात तर संशय पहिल्यांदा सॉफ्टवेअरवर घ्यायला आधारच कमी आहे. इथली उष्णता, इथली धूळ आणि इथली वीज या तिन्ही गोष्टी आधी तपासायला हव्यात. त्या तपासायला खर्चही जवळपास नाही.

उष्णतेचा हिशेब साध्या बेरजेचा आहे. नामांकित कंपन्यांच्या ऑफिसातल्या डेस्कटॉपचे माहितीपत्रक काढून पाहिले, तर वापराच्या जागेचे तापमान बहुधा १० ते ३५ अंश सेल्सिअस असे दिलेले असते. जळगाव, भुसावळ, धुळे इथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जाणे ही काही बातमी राहिलेली नाही, आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत दुपारी ३८-४० अंश सहज असतात. म्हणजे बटण दाबण्याआधीच संगणक त्याला नेमून दिलेल्या मर्यादेबाहेर असतो. आता असे धरू, की प्रोसेसर काम करताना कॅबिनेटमधल्या हवेपेक्षा ४५ अंशांनी जास्त तापतो आणि कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा ७-८ अंशांनी गरम असते. डिसेंबरात खोली २५ अंशांवर असेल तर प्रोसेसर ७७-७८ अंशांवर राहील. मे महिन्यात खोली ३८ अंशांवर गेली की तोच प्रोसेसर ९०-९१ वर पोहोचतो. पंख्याखालच्या हीटसिंकमध्ये धूळ बसून ४५ अंशांचा फरक ५५ झाला, की आकडा शंभरी ओलांडतो. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश आहे, एएमडीच्या अनेक रायझन प्रोसेसरांची ९५. हाच धुळीने भरलेला संगणक डिसेंबरात मात्र ८७-८८ अंशांवर निमूट चालतो. म्हणून ‘हिवाळ्यात कसा बरा चालला?’ या प्रश्नाने धुळीची सुटका होत नाही. हिवाळ्यातही धूळ तिथेच होती.

यावर जाणकार एक हरकत घेतात, आणि ती बरोबर आहे. आजचा प्रोसेसर तापला तर स्वतःच वेग कमी करतो आणि फारच तापला तर यंत्र बंद करतो. मग तो थिजेल कशाला? खरेच, निव्वळ प्रोसेसरच्या उष्णतेने संगणक बहुतेक वेळा मंदावतो किंवा एकदम बंद पडतो. पण कॅबिनेटमध्ये प्रोसेसर एकटा नसतो. मदरबोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग, चिपसेट, रॅम, एसएसडी हे सगळे त्याच गरम हवेत बसलेले असतात आणि त्या प्रत्येकाला स्वतःला सावरण्याची तितकी सोय दिलेली नसते. मदरबोर्डवरचे आणि एसएमपीएसमधले, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातले, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर घ्या. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला रूढ ठोकताळा आहे. वय झालेल्या कपॅसिटरचे डोके फुगते, कधी वरच्या खाचेतून तपकिरी द्रव बाहेर येऊन सुकतो. चांगल्या कपॅसिटरचे डोके सपाट असते. टॉर्च धरून मदरबोर्डवर नजर फिरवली तर हे डोळ्यांना दिसते. तेवढी दोन मिनिटे न काढता विंडोज टाकत बसणारे मात्र खूप आहेत.

धुळीबाबत खानदेशाची गोष्टच वेगळी आहे. जळगाव, धरणगाव, चोपडा, अमळनेर या पट्ट्यात जिनिंग आहे, जळगावात डाळमिला आहेत, धुळ्यात यंत्रमाग आहेत. कापसाचा बारीक तंतू साध्या मातीसारखा वागत नाही. माती पंख्याच्या पात्यावर बसते. तंतू पंख्यातून आत ओढला जातो आणि हीटसिंकच्या पट्ट्यांच्या वरच्या तोंडाशी अडकतो. तिथे त्याचा नमद्यासारखा थर तयार होतो. बाहेरून पाहिले तर पंखा जोरात फिरत असतो आणि पाती स्वच्छ दिसतात, पण खाली वारा पोहोचतच नाही. पंखा काढल्याशिवाय हा थर दिसत नाही, म्हणून ‘पंखा चालू आहे’ हा पुरावा धरता येत नाही. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि पुढचे काही महिने तंतू साचत राहतात. तो थर पुरता भरतो आणि वर एप्रिलचे ऊन येते. त्यामुळे अशा जागी संगणकाची सफाई दिवाळीच्या झाडलोटीत उरकण्यापेक्षा हंगाम संपता संपता, होळीच्या सुमारास केलेली जास्त कामाची. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. प्रोसेसरवरची जुनी, खडूसारखी वाळलेली पेस्ट पुसून नवीन लावावी. एसएमपीएसला मात्र बाहेरूनच हवा मारावी, त्याचे झाकण उघडू नये; त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर वीज बंद केल्यावरही काही वेळ ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो.

कूलरचा विषयही इथे आलाच पाहिजे, कारण उन्हाळ्यात खानदेशातल्या बहुतेक ऑफिसांत तोच असतो. कूलर खोलीचे तापमान उतरवतो, त्यामुळे संगणकाला त्याचा फायदाच आहे. अडचण होते ती संगणक त्याच्या थेट झोतात असला की. ओलसर हवेने आतली धूळ चिकट होते, पट्ट्यांना धरून बसते आणि मग ब्लोअरने निघत नाही. रॅमच्या आणि केबलच्या जोडांवरही ती ओल बसते. कूलर खोलीत हवा, झोत दुसरीकडे हवा. झाकण काढून समोर टेबल फॅन लावायचा, हाही आपल्याकडचा आवडता इलाज. तपासणी म्हणून तो उत्तम आहे : झाकण काढून पंखा लावल्यावर हँग होणे थांबले, तर कारण उष्णतेत आहे याचा तो जवळपास पुरावाच. कायमचा उपाय म्हणून मात्र तो वाईट, कारण उघड्या कॅबिनेटमध्ये तंतू दुप्पट शिरतो.

वीज हा तिसरा संशयित, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. आपल्या घरी २३० व्होल्ट येतात असे आपण म्हणतो, पण शेतीपंपांचा किंवा मोटारींचा भार चढला-उतरला की दिवा डिम-फुल होताना दिसतो. एसएमपीएसचे काम या चढउतारातून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे स्थिर दाब काढून देण्याचे. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत राहावी, असे एटीएक्स प्रमाण सांगते. संगणक कामात असताना मोकळ्या चार-पिनी जोडाच्या पिवळ्या आणि काळ्या तारेवर मल्टीमीटर लावून हे पाहता येते. आकडा ११.४ च्या खाली उतरत असेल तर निकाल लागला. आकडा ठीक असेल तर मात्र निकाल लागत नाही, कारण झटक्यात येणारी थरथर साधा मीटर दाखवतच नाही. तेव्हा खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून पाहणे हाच मार्ग. यूपीएस असूनही लाइट लपकली की संगणक अडकतो किंवा रीस्टार्ट होतो, ही नेहमीची तक्रार आहे. मुख्य वीज तुटल्यावर एसएमपीएसने स्वतःच्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते, आणि साध्या यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात. कपॅसिटर थकले की तग कमी होतो आणि ही फट भरून निघत नाही. उन्हात यूपीएसची लेड-ॲसिड बॅटरीही लवकर मरते.

अर्थिंगचे तर विचारूच नये. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे अनेक ऑफिसांत इतके अंगवळणी पडले आहे की कुणी तक्रारही करत नाही. अर्थ जोडलेला नसला की एसएमपीएसच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरांमुळे कॅबिनेटवर मुख्य विजेच्या निम्म्याइतका दाब येतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण प्रिंटर किंवा नेटवर्कची केबल जोडली की तो त्या वाटेने निघतो. प्रिंटर जोडताच संगणक अडकत असेल, तर ड्रायव्हर बदलण्याआधी बोर्डातली तिसरी पिन खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते का, ते वायरमनकडून तपासून घ्यावे. तापीकाठची काळी जमीन उन्हाळ्यात सुकते, भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली पट्टी मातीपासून सुटते. पावसाळ्यात चांगले निघालेले अर्थिंग मे महिन्यात चांगले असेलच असे नाही. खड्ड्यात पाणी घालत राहणे हा जुना इलाज आजही तितकाच लागू आहे.

ही तिन्ही कारणे तपासायची, ती अंदाजाने नव्हे. संगणक कसा थिजतो यातच निम्मे उत्तर असते. माउस हलतो पण एकच प्रोग्रॅम उत्तर देत नाही, तर दोष बहुधा त्या प्रोग्रॅममध्ये किंवा डिस्कमध्ये. माउसही अडकला, तर कीबोर्डवरचे नम लॉक दाबून पाहावे. दिवा लागतो-विझतो आहे तोवर विंडोज आतून जिवंत आहे आणि अडले आहे ते कदाचित फक्त ग्राफिक्सचे. दिवाही हलत नाही तेव्हा यंत्र मुळापासून थांबलेले आहे. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ पाहून ठेवावे. ते ज्या मिनिटाला थांबले तीच हँग होण्याची वेळ, आणि अशा काही वेळा वहीत लागल्या की दुपार, लाइट येण्या-जाण्याची वेळ, शेजारची मोटार सुरू होण्याची वेळ यांच्याशी त्यांचे नाते दिसू लागते. मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या मिनिटाच्या नोंदी काढाव्यात. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली की वीजच खराब असे लोक समजतात, पण तिचा अर्थ एवढाच, की यंत्र रीतसर बंद न होता सुरू झाले; हँग झाल्यावर बटण दाबून बंद केले तरी ती उमटते. ‘डिस्क’ नावाने ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी असतील तर नजर डिस्ककडे आणि तिच्या केबलकडे जायला हवी. त्या मिनिटाच्या आसपास काहीच नोंद नसेल, तर यंत्राला नोंद लिहायलाही सवड मिळाली नाही, म्हणजे संशय हार्डवेअरवर वाढतो.

डिस्कवर संशय आला, की इतर सगळी तपासणी थांबवून आधी डेटाची प्रत काढावी. डिस्क स्वतःची तब्येत ‘स्मार्ट’ नावाच्या नोंदींत लिहीत असते. तिथे रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा आकडा शून्याच्या वर वाढत चालला असेल तर ती डिस्क भरवशाची राहिली नाही. गुगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली स्कॅन एरर आल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता इतर डिस्कच्या ३९ पट असते, असे त्यांना आढळले. पण बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कवर महत्त्वाच्या चार स्मार्ट नोंदींपैकी एकही आधी दिसली नव्हती, हेही त्यातच होते. म्हणजे आकडे वाईट असतील तर विश्वास ठेवावा, चांगले असतील तर निर्धास्त होऊ नये. याच अभ्यासात तापमान आणि डिस्कचा बिघाड यांचे नाते अपेक्षेपेक्षा बरेच कमकुवत निघाले. माझ्या उष्णतेच्या मुद्द्याविरुद्ध तो उभा करता येईल, पण त्या डिस्क डेटा सेंटरच्या आवरलेल्या हवेतल्या होत्या. भुसावळच्या पत्र्याखालच्या खोलीची ती परीक्षा नव्हती.

रॅमचे थोडक्यात सांगता येते. काढून, टोकाचे सोनेरी पट्टे खोडरबराने घासून पुन्हा बसवण्याची दुकानातली पद्धत अडाणीपणाची नाही. जोड मळला असेल तर ती लागू पडते. फक्त रबराचा चुरा खाचेत पडू देऊ नये, आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळाले तर ते अधिक चांगले. त्यानंतर मेमटेस्ट ही रॅमची चाचणी रात्रभर चालवावी. एकही चूक निघाली तर ती रॅम बदलावी.

आता मुख्य आक्षेप. फॉरमॅट मारल्यावर संगणक चांगला चालतो, हा अनेकांचा अनुभव आहे. तो खोटा कसा म्हणायचा? खोटा नाही, पण त्याचा अर्थ वेगळा लागतो. दुकानात संगणक झाकण काढून, मोकळ्या हवेत, दुकानाच्या विजेवर, दुकानाच्या केबलवर चालतो. आत हात घालताना रॅम हलते, केबल पुन्हा नीट बसते, कुणीतरी ब्लोअरही मारतो. डिस्कच्या खराब जागेवरची फाइल नव्या विंडोजमध्ये दुसरीकडे लिहिली जाते. एवढे सगळे एकदम बदलले आणि श्रेय फॉरमॅटला गेले. घरी आणल्यावर दोन-तीन आठवड्यांत दुखणे परतते, ते यामुळेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोन-चार दिवस पाहायचे, हा नियम पाळला तर वेळ जास्त लागतो हे खरे. कारागिराला तो परवडत नाही हेही खरे, म्हणून ही तपासणी मालकाने स्वतःच्या जागेवर करायची असते.

सॉफ्टवेअरचा दोष असतोच. चार जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क यांवर विंडोज १० चालवले, तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसते. तिथे हँग म्हणजे नुसती वाट पाहणे असते, आणि त्यावर एसएसडी व जास्तीची रॅम हा फॉरमॅटपेक्षा खरा इलाज. दोन अँटिव्हायरस एकत्र बसवलेले असतात, चोरीचे ॲक्टिव्हेटर मागे पडून काम करत असतात. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे जुन्या यंत्रांचे काय करायचे हा निर्णय आता तसाही घ्यावा लागणार आहे. हँगचे कारण सॉफ्टवेअरच आहे याची खात्री करण्याची एक स्वस्त रीत आहे : पेनड्राइव्हवरून उबंटूसारखी प्रणाली सुरू करायची आणि त्याच जागी, त्याच दुपारी, त्याच वेळाइतका संगणक चालवायचा. तिथेही तो थिजला तर विंडोज निर्दोष. तिथे दिवसभर नीट चालला, डिस्कचे आकडेही स्वच्छ निघाले आणि डेटाची प्रत बाहेर ठेवली असली, तर मग खुशाल फॉरमॅट मारावा.