सहा चर्च, एक छत : नागपुरात १९७० साली झालेली जोडणी नेमकी काय आहे?

वर्धा : ख्रिस्ती म्हटलं की सगळे एकच, असं गावाकडं समजलं जातं. प्रत्यक्षात त्यांच्यातही पंथ आहेत आणि जुने वादही. त्यातली सहा चर्च आपापली पाटी उतरवून एक झाली, तीही आपल्या शेजारच्या नागपुरात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ म्हणजेच सीएनआय स्थापन झालं.

वेगळे का होते?

मिशनरी वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या पंथांचे आले. नागपुरात १८४५ मध्ये स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप आले, ते प्रेस्बिटेरियन. अहमदनगरकडं अमेरिकन मराठी मिशन होतं, ते काँग्रिगेशनल. आपल्या भागात कोणतं मिशन आलं, त्यावर घराचा पंथ ठरला. नोकरीसाठी माणूस दुसऱ्या जिल्ह्यात गेला की चर्चही बदलायचं. जिथं ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याइतकी, तिथं दोन-दोन मंडळ्या चालणार कशा?

प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल १९२४ मध्येच एक झाले होते. पुढं त्यांचं हे संयुक्त चर्च, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स ऑफ क्राइस्ट आणि मेथॉडिस्टांचा एक गट, असे सहा जण जुळले. बोलणी १९२९ पासून चालली होती. म्हणजे चाळीस वर्षांवर वेळ लागला.

घोडं अडलं बाप्तिस्म्यावर

बाप्तिस्मा म्हणजे पाण्यानं होणारा चर्चप्रवेशाचा विधी. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन तान्ह्या बाळालाही तो देतात. बॅप्टिस्ट म्हणतात, माणूस मोठा होऊन स्वतः विश्वास कबूल करेल तेव्हाच. हा प्रश्न श्रद्धेचा, त्यामुळं मतं मोजून सुटणारा नव्हता.

तोडगा असा निघाला की दोन्ही रीती चालू ठेवायच्या. आईबापांना वाटलं तर बाळाचा बाप्तिस्मा. नाही तर बाळासाठी फक्त उपकारस्तुती आणि आशीर्वाद, बाप्तिस्मा मोठेपणी. एखाद्या पाळकाच्या मनाला बालबाप्तिस्मा पटत नसेल तर त्याच्यावर सक्ती नाही, तो दुसऱ्या पाळकाला बोलावतो. पाळकांचं मोठेपण-लहानपणही असंच मिटलं. स्थापनेच्या वेळी वेगवेगळ्या परंपरांच्या पाळकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली.

रविवारी काय होतं?

मराठी मंडळ्यांत प्रार्थना, शास्त्रवाचन, पाळकाचा उपदेश, दानार्पण आणि ठरलेल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस. गाण्यासाठी ‘उपासना संगीत’ हे पुस्तक. रेव्हरंड नारायण वामन टिळक काँग्रिगेशनल मिशनमधले, पण त्यांची पदं सगळ्याच मंडळ्या गातात. पेटी, तबला, टाळ घेऊन भजन बसलं की कोण कोणत्या पंथातून आला ते कळतही नाही.

बाकीचं जीवन आपल्यासारखंच. महिला मंडळ, तरुणांचा संघ, मुलांची संडे स्कूल. ग्रामीण मंडळ्यांत हंगामाचा सणही असतो. लोक धान्य, भाजी, कोंबडी आणून वेदीपुढं ठेवतात, मग लिलाव होतो आणि पैसा चर्चच्या कामाला जातो. दुखवटा असो की लग्न, सगळी मंडळी हजर.

सगळं जुळलं असं नाही

अमेरिकन मिशनमधून वाढलेलं मोठं मेथॉडिस्ट चर्च १९७० मध्येच ऐनवेळी बाजूला झालं, ते आजही वेगळं आहे. कॅथलिक तर या बोलण्यांत नव्हतेच. एकत्र आलेल्यांतही बाप्तिस्म्यावरचं मत एक झालेलं नाही. तरी पन्नासहून जास्त वर्षं ते एका छताखाली बसतात. आधी वाद संपू दे मग एकत्र येऊ, असं धरून बसले असते तर १९७० उजाडलंच नसतं. बांधावरून, मंदिराच्या वर्गणीवरून फुटणाऱ्या गावांनीही हे ध्यानात घेण्यासारखं आहे.