अमेरिकी नौदलाचा वाढदिवस नेमका कधी?

दर १३ ऑक्टोबरच्या सुमारास जपानच्या योकोसुका तळावर अमेरिकी नौसैनिक नौदलाचा वाढदिवस साजरा करतात. रिवाज असा, की वयाने सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान नौसैनिक मिळून तलवारीने केक कापतात. या तारखेवर आक्षेप असा, की १७७५ मध्ये सुरू झालेलं मूळ नौदल टिकलंच नाही, शेवटचं जहाज १७८५ मध्ये विकलं गेलं आणि स्वतंत्र नौदल खातं १७९८ चं. तारीखही तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल झुमवाल्ट यांनी १९७२ मध्ये ठरवलेली. हे सगळं खरं, तरी मला तारीख योग्यच वाटते. आधीचा २७ ऑक्टोबरचा नौदल दिन थिओडोर रूझवेल्ट यांच्या जन्मतारखेवर बेतलेला होता. १३ ऑक्टोबर १७७५ ला मात्र अमेरिकी वसाहतींच्या काँटिनेंटल काँग्रेसने ब्रिटिशांची रसद अडवायला दोन जहाजं सज्ज करण्याचा ठराव केला. मायदेशापासून दूर जहाजांवर राबणाऱ्यांना हीच सुरुवात जास्त जवळची.