बोट समुद्रात, मुसाफिर रांगेत : 'टेंडर'च्या इंतजाराचा हिशेब

'टेंडर' म्हटले की सोलापूरच्या कापड व्यापाऱ्याला एकच गोष्ट आठवते. सरकारी रुग्णालयाच्या चादरी किंवा वसतिगृहाचे टॉवेल, सीलबंद पाकीट आणि अनामत रक्कम. समुद्रावर मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. मोठे जहाज धक्क्याला लागू शकत नसेल तर ते दूर उभे राहते आणि मुसाफिरांना किनाऱ्यावर नेण्या-आणण्यासाठी एक लहान बोट फेऱ्या मारते. तिला टेंडर म्हणतात.

हा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे काही वाचक विचारतील. कारण दोन आहेत. एक म्हणजे आपल्या समाजातील बरीच कुटुंबे आता क्रूझच्या सहलीला जाऊ लागली आहेत. मुंबईहून २०२१ साली कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' जहाज गोवा, लक्षद्वीपकडे जाऊ लागले, तेव्हापासून ही गोष्ट परदेशी पाहुण्यांपुरती राहिलेली नाही. दुसरे म्हणजे जिथे शेकडो माणसे तासन्‌तास थांबतात तिथे कोणाचा तरी धंदा होतो आणि कोणाचा तरी बुडतो. सहलीच्या जाहिरातीत निळे पाणी दाखवतात, रांग दाखवत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातील एक खलाशी बांधव बरीच वर्षे अशा जहाजांवर नोकरी करीत आहेत. त्यांना खोदून खोदून विचारले तेव्हा या रांगेचे गणित कळले. ते इथे मांडतो.

प्रथम, जहाज धक्क्याला का लागत नाही? मुंबईचे बॅलार्ड पियर, गोव्याचे मुरगाव, नवे मंगळूर आणि कोची या बंदरांत पाणी खोल आहे आणि धक्केही लांब आहेत. तिथे शिडीवरून उतरून सरळ जमिनीवर पाय ठेवता येतो. मुंबईला तर २०२५ मध्ये नवे क्रूझ टर्मिनलही सुरू झाले. लक्षद्वीपची गोष्ट वेगळी. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा, त्याच्या आत उथळ पाण्याचे सरोवर आणि बाहेर एकदम खोल समुद्र. दीड-दोन हजार मुसाफिरांचे जहाज आत शिरू शकत नाही. ते अगत्तीच्या बाहेर थांबते आणि स्थानिक बोटी येऊन माणसे नेतात. कोचीहून जाणाऱ्या सरकारी जहाजांच्या मुसाफिरांनाही हे नवे नाही. सातशे मुसाफिरांच्या 'एम. व्ही. कवरत्ती'सारख्या जहाजातून बेटावर जाताना लाटेवर वर-खाली होणाऱ्या लहान बोटीत उतरण्याची पाळी येतेच. काही बेटांवर पूर्वेच्या बाजूने धक्के झाले आहेत, पण समुद्र शांत असेल तरच त्यांचा उपयोग.

आपल्या कोकणातील वडीलधाऱ्यांना यात काहीच नवल वाटणार नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट हर्णे, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जायची. यांतील कित्येक ठिकाणी ती किनाऱ्याला लागतच नसे. ती दूर उभी राहून भोंगा द्यायची, मग किनाऱ्यावरून पडाव निघायचे. बायका, मुले, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, सगळे त्या पडावातून. आगबोट रात्री-अपरात्री यायची आणि मुसाफिर बंदरावर वळकटी टाकून भोंग्याची वाट पाहत पडलेले असायचे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. मुंबईच्या घाऊक बाजारातले कापडही याच मार्गाने कोकणच्या दुकानांत उतरायचे. पडावात गाठोडे भिजले तर नुकसान कोणाचे, यावर दुकानदार आणि तांडेल यांच्यात होणारी बाचाबाची मालवणकडच्या माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने वडिलांकडून ऐकली होती. पुढे रस्ते झाले, एसटी आली, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि आगबोटीचा जमाना इतिहासजमा झाला. हर्णेला मात्र बोटीतली मासळी बैलगाडीने पाण्यातून किनाऱ्यावर आणण्याची रीत पुढेही चालू राहिली. धक्का नसला की काय करावे लागते याचा हा नमुना.

हाजी लोकांचाही हाच अनुभव. मुंबईहून जहाजाने हजला जाण्याची सोय १९९५ पर्यंत होती. त्यातील जुन्या काळी, म्हणजे जेद्दाहला खोल पाण्याचा धक्का होण्यापूर्वी, जहाज प्रवाळी खडकांच्या बाहेर नांगर टाकायचे आणि 'संबूक' नावाच्या शिडाच्या बोटी हाजींना सामानासह किनाऱ्यावर न्यायच्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला धक्का झाला आणि ही तकलीफ संपली. मक्का इतक्या जवळ आल्यावर त्या संबुकीची वाट पाहण्यात कसा सब्र लागला असेल याची कल्पना करावी.

आता हिशेब पाहू. समजा, जहाजावर पंधराशे मुसाफिर आहेत. चार लहान बोटी आहेत, प्रत्येकीत शंभर माणसे बसतात. माणसे चढवणे, किनाऱ्यावर जाणे, उतरवणे आणि रिकामे परत येणे याला चाळीस मिनिटे लागतात. म्हणजे दर चाळीस मिनिटांना चारशे, तासाला सहाशे माणसे. पंधराशे लोकांना उतरवायला अडीच तास झाले. हे सगळे सुरळीत चालले तर. एक बोट बंद पडली, म्हणजे तीनच राहिल्या, की हाच हिशेब तीन तास वीस मिनिटांवर जातो. एखाद्या आजीबाईंना उतरवायला पाच मिनिटे जास्त लागली तर मागची प्रत्येक फेरी पाच मिनिटांनी सरकते. पुष्कळ जहाजांवर आणीबाणीच्या जीवरक्षक बोटींपैकीच काही टेंडर म्हणून वापरतात. आणीबाणीत अशा एका बोटीत साधारण दीडशेपर्यंत माणसे कोंबून बसवता येतात, पण रोजच्या ने-आणीत त्याहून कमीच घेतात. म्हणून "बोटीत जागा दिसत असताना आम्हाला का अडवले?" हा वाद घालण्यात अर्थ नाही.

मुसाफिराच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढे आहे. समजा जहाज सकाळी आठला उभे राहिले आणि संध्याकाळी पाचला निघणार. कागदावर नऊ तास दिसतात. परंतु बंदराचे अधिकारी परवानगी देईपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो. मग बोटी सुरू होतात. तुमचा नंबर शेवटच्या फेरीत लागला तर साडेअकरा वाजले. परतीची शेवटची बोट जहाज निघण्याच्या बरीच आधी, समजा चार वाजता सुटते आणि तिच्यासाठी रांगेत तीनपासून उभे राहावे लागते. हातात राहिले साडेतीन तास. नऊ तासांचे पैसे देऊन साडेतीन तासांचा माल मिळाला. कापडाच्या थानात एवढी तूट आली असती तर आपण गप्प बसलो नसतो.

नंबर कसा लागतो, हेही समजून घ्यावे. ज्यांनी जहाज कंपनीकडूनच किनाऱ्यावरची सहल विकत घेतली आहे त्यांना बहुधा आधी सोडतात. महागड्या खोल्यांतले आणि कंपनीचे जुने गिऱ्हाईक यांनाही पुष्कळदा पुढे घेतात. बाकीच्यांना सकाळी एका दिवाणखान्यात जाऊन नंबराची चिठ्ठी घ्यावी लागते आणि नंबर पुकारेपर्यंत बसावे लागते. सगळे कुटुंब एकत्र हजर असेल तरच चिठ्ठी देण्याची रीत काही जहाजांवर आहे, त्यामुळे एकाने रुमाल टाकून सहा जागा धरायची आपली सवय तिथे चालत नाही. दोनेक तासांनी गर्दी ओसरते आणि मग चिठ्ठीशिवाय कोणीही जाऊ शकतो. ज्यांना फक्त किनाऱ्यावर फेरफटका मारायचा आहे त्यांनी निवांत नाश्ता करून या वेळी जावे. धावपळही वाचते आणि किनाऱ्यावरचा वेळही फारसा कमी होत नाही. पण ज्यांनी बाहेरच्या गाडीवाल्याशी परस्पर वेळ ठरवली आहे त्यांनी पहाटेच चिठ्ठीसाठी जावे, किंवा गाडीवाल्यालाच दोन तास उशिराची वेळ द्यावी. तो बिचारा बंदरावर ताटकळतो आणि भाड्यावरून भांडण होते.

वाऱ्याचा प्रश्न सर्वांत मोठा. कप्तान जहाज असे वळवून उभे करतो की एका बाजूला वाऱ्याचा आडोसा मिळावा आणि त्या बाजूला बोट लावता यावी. पण दुरून येणारी मोठी लाट आडोशाला जुमानत नाही. जहाजाचा दरवाजा एका उंचीवर आणि बोट कधी त्याच्या वर, कधी खाली. खलाशी दोन्ही हात धरतात आणि "आता" म्हटले की पाय टाकायचा. त्याच्या सांगण्याआधी पाय टाकू नये आणि सांगितल्यावर विचार करीत बसू नये. हातात पिशवी नको, पायात सटकणारी चप्पल नको. चाकांच्या खुर्चीवरील माणसाला समुद्र खवळलेला असेल तर नकार मिळू शकतो, तेव्हा आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी ही चौकशी तिकीट काढण्यापूर्वीच करावी. लाट वाढली तर कप्तान ते बंदर सरळ रद्द करतो. यावर चिडणाऱ्या लोकांशी मी सहमत नाही. नकार देणारा कप्तान आपले काम जाणतो. अशा वेळी कंपनीमार्फत घेतलेल्या सहलीचे पैसे बहुधा परत मिळतात, बाहेर परस्पर भरलेल्यांचे आपले आपण पाहायचे.

लहान बोटीतून उतरलो म्हणजे रांग संपली, असेही नाही. ग्रीस देशातील सँटोरिनी बेटावर गाव उंच कड्यावर आहे. स्थानिक होडीवाले मुसाफिरांना खालच्या जुन्या बंदरात आणतात. वर जायला केबल कार, खेचर किंवा पाचशेच्यावर पायऱ्या. केबल कार तासाला सुमारे बाराशे माणसे नेते. २०२५ पासून तिथे दिवसाला आठ हजार क्रूझ मुसाफिरांची मर्यादा घातली. तेवढे सगळे केबल कारनेच जाऊ लागले तर साडेसहा तासांहून जास्त हवेत. परतताना तर सर्वांना एकाच सुमारास खाली यायचे असते.

याच्या उलट वेस्ट इंडिजकडील केमन बेटांची गोष्ट. तिथल्या जॉर्जटाउनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही, सगळा कारभार टेंडरवर. मोठा धक्का बांधावा का, हा वाद तिथे वर्षानुवर्षे चालला. धक्का झाला तर नवी प्रचंड जहाजे येतील आणि मुसाफिर जास्त वेळ बाजारात राहतील, असे बांधू म्हणणाऱ्यांचे म्हणणे. विरोध करणाऱ्यांना प्रवाळाची, खर्चाची आणि छोट्या गावावर पडणाऱ्या गर्दीची चिंता. एप्रिल २०२५ मध्ये निवडणुकीबरोबरच यावर जनमत घेतले गेले आणि मतदारांनी धक्क्याला नकार दिला. व्यापारी म्हणून मला पहिल्या बाजूचे म्हणणे समजते. पण किनारा आणि प्रवाळ गेल्यावर गिऱ्हाईक तिथे कशाला येईल, हाही प्रश्न धंद्याचाच आहे. शिवाय धक्का झाला की होडीवाल्यांची रोजी जाते. कोकणात ज्या दिवशी आगबोट थांबली त्या दिवशी किती पडाववाले रिकामे झाले, याची नोंद कोणी ठेवली नाही.

आता आपल्या कामाचे. मालवणच्या ज्या गिऱ्हाइकाचा वर उल्लेख केला ते माझ्याकडून चादरी, टॉवेल आणि सुती पंचे नेतात. त्यांचे दुकान सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यांच्या धक्क्यापासून फार लांब नाही. त्यांचे निरीक्षण असे की किल्ल्यावर जाताना माणूस दुकानाकडे बघतही नाही, त्याला होडी पकडायची असते. परतल्यावर तो भिजलेला, उन्हाने तापलेला असतो आणि गाडी सुटायला अजून वेळ असतो. विक्री तेव्हा होते. म्हणून ते दुपारी जेवायला दुकान बंद करीत नाहीत आणि पंचे मागच्या फळीवरून काढून दारात टांगतात. राजपुरीला जंजिऱ्याची होडी भरण्याची वाट पाहणारे लोक मी पाहिले आहेत. तिथेही शहाळे आणि टोपी यांचाच खप.

टेंडरच्या बंदरावर हेच सूत्र मोठ्या प्रमाणात लागू पडते. गिऱ्हाईक सतत येत नाही, एका बोटीचे शंभर लोक एकदम येतात आणि मग अर्धा तास सामसूम. दहा मिनिटांत शंभरजणांना उत्तरे देता यायची असतील तर प्रत्येक नगावर किंमत लिहिलेली हवी. घासाघीस करायला त्यांच्याकडे वेळ नसतो आणि तुमच्याकडेही नसतो. परदेशी मुसाफिराजवळ आपल्यासारखी मोबाइलवरून पैसे देण्याची सोय बहुधा नसते, त्याला कार्डाचे मशीन लागते. माल हलका आणि घडी घालून हातपिशवीत मावणारा हवा, कारण त्याला तो घेऊन हलत्या बोटीत उडी मारायची आहे. सोलापूरची डबल बेडची चादर कितीही उत्तम असली तरी त्या रांगेत विकली जाणार नाही, नॅपकिन आणि लहान टॉवेल विकले जातील. आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळून बरीच वर्षे झाली. त्याची खूण लहान नगावर लावणारे किती आहेत, हे कारखानदारांनी एकमेकांना विचारून पाहावे.

टॉवेलवरून आणखी एक माहिती. किनाऱ्यावर जाताना पुष्कळ जहाजांच्या दरवाजाशी मुसाफिराला समुद्रस्नानाचा मोठा टॉवेल देतात आणि त्याच्या नावावर नोंद करतात. परत केला नाही तर पैसे बिलात लागतात. टॉवेल वाळू झटकून, घडी घालून, शेवटच्या बोटीच्या निदान एक बोट आधी घेऊन यावा. शेवटच्या बोटीत जागा मिळेल याची खात्री खलाशीही देत नाही.